ओली घटका

नस ओरडत होती.

मिरजेबाहेरच्या माळावर मज्जाशमन संस्थेची पांढरी इमारत आहे. तिच्या प्रयोगशाळेत भर दुपारी डॉ. शर्वरी हुपरीकर एकटीच बसून तो आवाज ऐकत होती. माणसाच्या कानाला नसेचं ओरडणं ऐकू येत नाही. पण केसाहून बारीक अशी केशसुई कातडीतून आत, नसेच्या मुळाशी नेऊन टेकवली, की तिच्या टोकाला ते कळतं आणि यंत्र त्याचा नाद करून दाखवतं. तापल्या तव्यावर कुणी पाण्याचे शिंतोडे मारावेत, थांबावं, पुन्हा मारावेत, तसा. संस्थेत या ध्वनिमुद्रणाला वेदनालेख म्हणत.

हा वेदनालेख तासगावच्या जनार्दन खोताचा होता. बेदाण्याचा व्यापार करणारा चाळिशीतला धिप्पाड गडी. पण गालाच्या नसेनं त्याला असं छळलं होतं की वाऱ्याची झुळूक आली तरी तो भिंतीकडे तोंड करून उभा राही. कापाकापी नाही, टाका नाही. एक सुई गेली आणि चहा पिऊन तो आपल्या पायांनी घरी गेला. संस्थेनं असे कितीतरी लोक घरी धाडले होते.

मुद्रणात चरचराट वाढत गेला. त्यावर जनार्दनचा आवाज चढला. "आई गं... आगं आये... आये गं!" मग बारीकसा टणत्कार, तार तुटावी तसा. आणि शांतता.

शर्वरीनं मुद्रण मागे नेऊन पुन्हा ऐकलं. ऐकता ऐकता तिचा हात डाव्या बरगडीखाली गेला. तिथं तिची स्वतःची आग होती. वर्षभरापूर्वी तिथं नागीण उठली होती. फोड वाळले, खपल्या पडल्या, नागीण गेली. फूत्कार मात्र मागे राहिला. ब्लाउजची शिवण लागली तरी जीव कळवळे.

पण आज तिला त्या आगीहून वाईट काहीतरी छळत होतं.

सकाळी जनार्दनची आई आली होती. अक्काताई खोत. पायऱ्या चढून आल्यानं धापा टाकत होती, पण खुर्चीवर बसली नाही.

"डाक्टरीणबाई, दुखणं गेलं. देवावाणी काम केलंसा तुमी. पर त्यो मला वळकत न्हाई."

"म्हणजे?"

"मला मावशी म्हनतोय. 'मावशी, भाकरी झ्याक करता तुमी' म्हनला. आनि जेवला की ताट उचलून मोरीत ठेवतोय. पोटचं पोर कधी ताट उचलून ठेवतंय व्हय? पाव्हणं ठेवत्यात."

शर्वरीनं जनार्दनला फोन लावला होता. बायकोचं नाव, पोरांच्या शाळा, गेल्या हंगामातला बेदाण्याचा भाव, लहानपणी पाटात वाहून गेलेली चप्पल, सगळं त्याला आठवत होतं. "पाटातून तुम्हाला बाहेर कुणी काढलं?" तिनं विचारलं. पलीकडे तो आठवू लागला. मग तो हसला. "आलो असंन की माझा मीच. त्याचं काय एवढं?"

"उद्या सकाळी या अक्काताई. मी बघते काहीतरी," असं सांगून तिनं म्हातारीला लावून दिलं होतं. आणि तेव्हापासून ती या खोलीत बसून होती.

दार ढकलून डॉ. बसवराज हिरेमठ आत आले. संस्थेत केशसुई त्यांच्याइतकी अलगद कुणी चालवत नसे. जन्म बेळगावकडचा, नोकरी मिरजेत. दोन्हीकडची थट्टा त्यांच्या जिभेवर.

"जेवायचं नाही काय मॅडम? डबा वाट बघून झोपला."

"बसवराज, ओली घटका म्हणजे काय, ते मला पहिल्यापासून सांगा. मी शिकाऊ आहे असं समजा."

"परीक्षा घेताय?" ते हसले, मग तिचा चेहरा पाहून बसले. "बरं. जखम भरते, पण नसेला ती पाठ झालेली असते. कारण संपलं तरी नस आपली घोकत बसते. जुनाट दुखणं म्हणजे नसेची आठवण, दुसरं काही नाही. आठवण कापता येत नाही. पण कुठलीही आठवण बाहेर काढली की ती थोडा वेळ ओली होते. कपाटातलं लुगडं उलगडल्यासारखी. परत ठेवताना नव्यानं घडी घालावी लागते. ती उलगडलेली वेळ, ती ओली घटका."

"पुढे."

"पुढं काय, आपण सुईनं दुखणं मुद्दाम पुरतं चढवतो. रोगी जागा पाहिजे, कळ पुरती यायला पाहिजे, नाहीतर आठवण अर्धीच उलगडते. मग त्याच घटकेला सुईतून विस्मरस्पंद सोडतो, विसरायला लावणारा बारीक झटका. त्यानं घडी पडत नाही. लुगडं वाऱ्यावर जातं. नस विसरते."

"फक्त दुखण्याचीच घडी मोडायची, हे स्पंदाला कोण सांगतं?"

बसवराज यंत्राकडे बघू लागले.

"स्पंद नसेच्या मुळाशी थांबत नाही," शर्वरी म्हणाली. "तो नसेतूनच वर मेंदूत जातो. त्या घटकेला, त्याच कळवळ्यानं जे जे उघडलं असेल ते सगळं ओलं असतं. ऐका."

तिनं मुद्रण लावलं. चरचराट. आगं आये. टणत्कार. शांतता. मग तिनं अक्काताईंची गोष्ट सांगितली.

बसवराजांनी चष्मा काढून पुसला. "पण मॅडम, परदेशात एवढ्या चाचण्या झाल्या. कुणाची आई हरवली नाही."

"तिकडं कळ आली की माणसं काय म्हणतात?"

मग नको असतानाही त्यांना हसू आलं. "शिव्या देतात."

"गेली असेल एखादी शिवी. कोण तक्रार घेऊन येणार? आणि आपले रोगी बहुतेक म्हातारे. त्यांच्या आया कधीच्या गेल्या. फोटोतली बाई ओळखू आली नाही तर म्हणतात, नजर अधू झाली." तिचा आवाज खाली गेला. "आणि हे त्यांच्या तोंडात घालते कोण? मीच. मायेच्या हातानं पाठ थोपटून सांगते, दाबून ठेवू नका, मोकळेपणानं आईला हाक मारा."

"सगळेच आई म्हणत नाहीत."

"नाही. म्हैसाळच्या त्या बाई आठवतात? 'मेले गं बाई, मेले' म्हणत होत्या. गेल्या महिन्यात कालव्याच्या कठड्यावरून चालताना लोकांनी त्यांना धरून उतरवलं. त्या हसत होत्या म्हणे. मरणाची भीतीच वाटत नाही म्हणाल्या."

"एका कालव्यावरून आणि एका म्हातारीवरून सिद्धान्त होत नाही," ते म्हणाले. पण ते स्वतःलाच सांगितल्यासारखं होतं. "आणि उद्या सकाळी..."

"उद्या सकाळी जुई आहे."

जुई शर्वरीची एकुलती एक लेक. दीड वर्षापूर्वी स्कूटरवरून पडली आणि खांद्यातली नस ओढली गेली. हाडं जुळली, पोरगी उभी राहिली. उजवा हात मात्र दिवसरात्र निखाऱ्यावर धरल्यासारखा जळत राहिला. त्या हातावर ओढणी सहन होत नसे, की आईची फुंकरही. चित्रं काढणारा हात तो. आता ती तो उशीवर मांडून, परक्याचा असल्यासारखा त्याच्याकडे बघत बसे. "आई, कापून टाक गं हा," म्हणे. "तू डॉक्टर आहेस ना?" तिच्या उशाशी बसून बसूनच शर्वरीच्या बरगडीत नागीण उठली होती. आणि जुईचं प्रत्येक कण्हणं एकाच शब्दापाशी येऊन थांबे. आई गं.

"पुढं ढकलू," बसवराज म्हणाले.

"काल तिनं मला विचारलं, गच्चीचं दार हल्ली बंद का असतं. ढकलायला दिवस उरले नाहीत, बसवराज."

"मग तिला बजावून ठेवा. आईला हाक मारायची नाही म्हणून."

"बजावलं की तेच मनात येणार. 'आईला आठवू नकोस' म्हणायचं म्हणजे आईलाच समोर आणून बसवायचं." ती उठली. खिडकीतून खाली अंगणातला कडुनिंब दिसत होता. "एक वाट आहे. कळ आली की मन कुठंतरी धाव घेणारच. त्याला आधीच दुसरं काहीतरी धरायला द्यायचं. गेलं तरी चालेल असं. ते गेलं तर गेलं, माणूस शाबूत. पण भर कळेत हे जमतं का, ते कुणीतरी करून बघायला हवं."

बसवराजांना कळलं. "नाही. तुम्ही नाही."

"मीच. दुखणं माझं खरं आहे. आज, आत्ता. मी माझ्या आईची एक ओवी धरते. आई जाऊन वर्षं झाली, पण ही ओवी माझ्या हाडात आहे. जुई लहान असताना तिला मी हीच म्हणून निजवायची." आणि ती गुणगुणली:

*पहाटेच्या गं वाऱ्या, हळू चाल ओट्यावरी*
*नीज लागली बाळीला माझ्या उजव्या हातावरी*

"नंतर मला ही ओवी विचारा. आली नाही, तर माझा संशय खरा आणि वाटही सापडली. जुईलाही असंच काहीतरी धरायला शिकवू. आली, तर संशय खोटा. जुईला खुशाल न्या."

"म्हणजे दोन्हीकडून आपलीच जीत," बसवराज पुटपुटले. त्यांनी कागदावर ओवी उतरवून घेतली. "चाल मात्र मला विचारू नका. मिरजेत जन्म चालला, पण मला सनई आणि कुकरची शिट्टी सारखीच."

"चालीशिवाय तर मलाही ती म्हणता येत नाही," शर्वरी म्हणाली. "आईनं तशी कधी शिकवलीच नाही."

उन्हं कलायच्या आत ती कुशीवर निजली होती. खोलीत जंतुनाशकाचा वास होता. बसवराजांनी जागा बधिर केली, पडद्यावर नजर ठेवून केशसुई पाठीतून आत नेली. डास चावावा एवढंच ते. मग नादयंत्र चालू झालं आणि शर्वरीला स्वतःची नस ऐकू आली. तोच तवा, तेच शिंतोडे.

"चढवतोय," बसवराज म्हणाले.

तिनं ओवी धरली. पहाटेच्या गं वाऱ्या. ओटा दिसला, ओट्यावरचा गारवा दिसला. हळू चाल...

आणि कळ आली.

वर्षभर जी तुकड्यातुकड्यानं येत होती ती एकदम, अख्खी, फणा काढून उभी राहिली. ओटा विझला. गारवा विझला. बरगड्यांभोवती कुणी तापली तार आवळत होतं, आणि तिच्या घशात, तिला न विचारता, दोन अक्षरं वर चढू लागली. ती तिनं दातांखाली धरली. ओठांच्या आत ती दोन अक्षरं धडका मारू लागली. नाही, नाही. हाक मारायची नाही. मारलेली हाक जाते, ज्याला मारली त्याला घेऊन जाते. जनार्दन. ताट उचलून ठेवतोय. मला मावशी म्हनतोय. जुईला कळायला हवं, कुणालाच हाक मारू देऊ नका, कुणालाच. बुडणारा फळीला धरतो तशी तिनं तेवढीच एक गोष्ट धरली. ओवीचे शब्द सुटले होते. चाल मात्र घशात उरली होती, आणि त्या चालीवर, मिटल्या दातांआड, नवेच शब्द येऊन बसले:

*हाक नको गं मारू जीवा, हाक जाईल ज्याच्या दारी*
*त्याचं दार पुसून जाईल तुझ्या काळजाच्या घरी*

पुन्हा. पुन्हा तेच. हाक नको गं मारू जीवा.

बसवराजांना शब्द ऐकू आले नाहीत. त्यांना फक्त मिटलेले ओठ दिसले, आणि घशातलं लयीत चाललेलं गुणगुणणं ऐकू आलं. धरली बाईंनी ओवी, त्यांच्या मनात आलं. काय बाई आहे!

त्यांनी स्पंद सोडला.

टणत्कार झाला, आणि तवा विझला.

शर्वरी कितीतरी वेळ तशीच पडून राहिली. मग तिनं हात बरगडीखाली नेला. कापड लागलं. नुसतं कापड, जगात सगळ्यांना लागतं तसं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते थांबेना.

"मॅडम," बसवराजांनी खाली वाकून विचारलं, "ओवी?"

"कुठली? आईची?" ती हसली. आणि शाळेतल्या मुलीनं कविता पाठ म्हणावी तशी तिनं ती म्हणून दाखवली. पहाटेच्या गं वाऱ्या हळू चाल ओट्यावरी, नीज लागली बाळीला माझ्या उजव्या हातावरी. सपाट, सरळ. म्हणताना जरा अडखळल्यासारखं झालं, जिन्याची पायरी नसावी आणि पाऊल पडावं तसं. पण तेवढंच.

बसवराज कागदावर बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून बघत होते. त्यांनी मोठा श्वास सोडला. "अख्खी आहे! एक अक्षर गेलं नाही. म्हणजे शंका फिटली?"

"अहो, शंका कसली घेऊन बसलात? दुखत नाही हो! दुखत नाही!"

हरलेल्या माणसाला टोचू नये, एवढी रीत बसवराजांना होती. त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली आणि त्या संशयाचा विषय पुन्हा काढला नाही.

सकाळी शर्वरी हलक्या पायांनी आली. शेजारी जुई, उजवा हात अंगापासून लांब धरलेला. दालनात बाकावर एक म्हातारी बसली होती. शर्वरीला बघताच ती लगबगीनं उठली.

"डाक्टरीणबाई, तुमी म्हनला हुता, उद्या या म्हनून..."

"नमस्कार आजी," शर्वरी गोड हसली. "कुणाकडे आलात? काही दुखतंय का?"

म्हातारीचा हात अर्ध्यावरच थांबला. ती शर्वरीच्या डोळ्यांत बघत राहिली, एकदा या डोळ्यात, एकदा त्या. ते स्वच्छ, मायाळू, पाहुण्यासारखे डोळे. तिचा चेहरा उतरत गेला. ती दोन पावलं मागे सरली. मग तिची नजर जुईवर गेली आणि तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"बाय माझे," ती जुईला म्हणाली, "आत नगं जाऊस."

"घाबरल्यात बिचाऱ्या," शर्वरीनं सिस्टरला खूण केली. "यांना पाणी द्या. बसवा जरा." आणि जुईच्या पाठीवर हात ठेवून तिला आत नेलं. दार मिटलं. दारावर कुणीतरी तळहात आपटत होतं, ते आत फार लांबून आल्यासारखं वाटलं. मग सिस्टरचा समजुतीचा आवाज आला, आणि तेही थांबलं.

जुई निजली. बसवराजांनी सुई नेली. शर्वरीनं लेकीचा डावा हात दोन्ही हातांत घेतला.

"आई, खूप दुखेल?"

"एकदाच. मग कधीच नाही."

"तू इथंच थांबशील ना?"

"इथंच आहे. आणि हे बघ, दाबून ठेवायचं नाही. मोकळेपणानं मला हाक मार."

बसवराजांनी क्षणभर वर पाहिलं. मग खिशातल्या कागदावरून हात फिरवला आणि यंत्राकडे वळले.

तवा तापला. चरचराट वाढला. जुईचं अंग ताठ झालं, बोटं आईच्या हातात रुतली.

"आई गं!"

"ओ, बाळा."

"आई... आई गं... आई!"

"ओ. इथंच आहे मी. अजून मोठ्यानं."

"आई!"

टणत्कार झाला.

हळूहळू जुईचे खांदे सैल पडले. तिनं उजव्या हाताची बोटं हलवली. एक, मग सगळी. चादरीवरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि चेहरा असा उजळला की बसवराजांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"दुखत नाही," ती म्हणाली. "खरंच दुखत नाही."

मग तिची नजर आपल्या डाव्या हाताकडे गेली, तो धरून बसलेल्या बाईकडे गेली. ती अदबीनं हसली आणि हात अलगद सोडवून घेऊ लागली.

"आता सोडलात तरी चालेल हं," ती म्हणाली. "तुम्ही केव्हाच्या अशा बसून आहात. थँक्यू."

थट्टा करतेय, शर्वरीला वाटलं. ती हसली. लहानपणी करायची तसं पोरीचं कपाळ कुरवाळत ओवी गुणगुणावी म्हणून तिनं तोंड उघडलं. शब्द आले. चाल आली नाही. पायाखाली पायरी नव्हती. जुई तिच्याकडे बघत होती, स्वच्छ, मायाळू, पाहुण्यासारख्या डोळ्यांनी, आणि शर्वरीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला भयंकर भीती वाटली.

कशाची, ते मात्र काही केल्या आठवेना.